खालचं आधण

१

भीमाप्पाचं सगळं आयुष्य काहिलीच्या कडेला गेलं. तो गुळव्या होता. उसाचा रस काहिलीत पडला की जाळ किती घालायचा, भेंडीचं पाणी कधी सोडायचं, मळी कधी काढायची आणि काहील कधी उतरायची, हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. कोल्हापूरहून कागलला जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला चार गुऱ्हाळं होती, आणि चारही ठिकाणी भीमाप्पाचा शब्द शेवटचा असे. शब्द थोडेच असत. तो बोलायला लागला की समोरच्याला वाटे, हा वाक्य पुरं करतोय की नाही.

गुळव्यांची एक रीत होती. रस आटत आला की पळीनं थोडा काढून पितळीतल्या गार पाण्यात सोडायचा आणि बोटांनी त्याची गोळी वळायची. गोळी मऊ लागली तर आधण कच्चं. घट्ट झाली, काठावर मारली आणि टण् वाजली, की आधण झालं. पण आपल्या आधणाची गोळी आपण पारखायची नाही. वळणाऱ्याला ती नेहमीच झालीशी वाटते. म्हणून गोळी पितळीत ठेवून बाजूला व्हायचं. दुसऱ्या जाणत्यानं येऊन ती दाबायची. कच्ची असेल तर "अजून हाय" एवढंच म्हणून परत काहिलीत टाकायची. झाली असेल तर "झालं" म्हणायचं.

ते "झालं" एकदा कानावर पडलं की कुणी थांबत नाही. जाळ ओढतात, काहिलीच्या कड्यांत वासे घालतात आणि आठ गडी ती उचलतात. चुलवाणाच्या, म्हणजे खालच्या भट्टीच्या, तोंडाची बाजू आधी वर येते, रस दुसऱ्या अंगाला सरकतो. तेवढ्या वेळात गुळव्या एकच गोष्ट बोलतो. भीमाप्पाच्या लहानपणी अशाच वेळी एका गड्याचा पाय घसरला होता, ते त्यानं जवळून पाहिलं होतं. तेव्हापासून त्याचं बोलणं ठरलेलं होतं. "हळू, बाबांनो, हळू."

संस्थान विलीन झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी त्या चारांतल्या गणपतरावांच्या गुऱ्हाळावर बैलांचा घाणा गेला आणि इंजिन आलं. दिवसभर ते धाडधाड करायचं. पितळीतल्या पाण्यावर बारीक लाटा उठायच्या, चिपाडाच्या ढिगावर बसलेली चिमणीसुद्धा थरथरताना दिसायची. भीमाप्पाला त्याचीही सवय झाली.

माघातली एक दुपार. जेवणासाठी इंजिन बंद केलं होतं. काहील नुकतीच उतरली होती, चुलवाण धुमसत होतं. जाळ घालणारा गुंडू भाकरी सोडून बसला होता. भीमाप्पानं पाणी पिण्यासाठी पितळी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

पाणी थरथरत होतं.

"गुंड्या, इंजिन बंद हाय न्हवं?"

"काय वो काका. कान गेलं काय तुमचं? बंद करून मला दुसरी भाकरी संपायला आली की."

भीमाप्पा वाकून बघत राहिला. बारीक वर्तुळं मधोमध उठत होती आणि कडेला जाऊन बुडत होती. लाट काठाला आपटून परत यायला पाहिजे. ती येत नव्हती. त्यानं आपला हात जमिनीवर टेकवला. हात थरथरत होता, पण म्हाताऱ्याचा हात थरथरणारच, असं म्हणून त्यानं पाणी पिऊन टाकलं.

ते कोमट होतं.

२

गुऱ्हाळाच्या बांधापलीकडे भीमाप्पाचं स्वतःचं दोन एकर रान होतं. त्यात त्याचा मुलगा बसाप्पा विहीर पाडत होता. एकुलता एक मुलगा. कोल्हापुरात एका कारखान्यात तीन वर्षं इंजिनं जोडून आला होता. आता विहिरीला पाणी लागलं की तसलंच एक इंजिन आणून बसवायचं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. गुळाच्या कामाला मात्र तो हात लावत नव्हता. भीमाप्पाला वाईट वाटायचं, पण त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही. हाच मुलगा चार वर्षांचा असताना गुऱ्हाळावर मांडीवर बसायचा. पारखून झालेली गोळी भीमाप्पा त्याच्या हातात द्यायचा. पोरगं ती काहिलीच्या काठावर मारायचं, टण् वाजली की टाळ्या पिटून ओरडायचं, "झालं की!" सगळं गुऱ्हाळ हसायचं.

पाच परस, म्हणजे पाच पुरुष, खोल गेल्यावर काळा दगड लागला होता आणि वडार कामाला लावले होते. माघ सरता सरता एका सकाळी त्यांचा म्होरक्या पहारी गोळा करून भीमाप्पापुढे उभा राहिला.

"पावणं, राम राम. आमी चाललो."

"का गा? काय कमी पडलं?"

"कमी काय न्हाय. हिर तापालीया तुमची. पायाला चटकं बसत्यात. सात पिढ्या दगड फोडतोय आमी, दगड खाली गार लागतोय. ह्यो न्हाय."

बसाप्पा हसला. सुरुंगाचा दगड आहे, तापणारच, म्हणाला. आणि स्वतः दोर धरून खाली उतरला. भीमाप्पा वर रहाटापाशी उभा राहून फोडलेल्या खरपाच्या, दगडाच्या तुकड्यांच्या, पाट्या ओढू लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बसाप्पा उतरला आणि खालून त्याची हाक आली. "अप्पा, पाझर फुटलाय! टीचभर पाणी हाय! आन् हे बघ काय घावलं पाण्यात."

पाटी वर आली. तिच्या तळाला एक गोळी होती, मोठ्या बोराएवढी, दगडाच्या रंगाची. भीमाप्पानं ती उचलली. ती ऊन होती. त्याच्या बोटांनी इतकी वर्षं जे केलं तेच केलं. अंगठा आणि दोन बोटांत धरून त्यानं ती दाबली. ती किंचित दबली.

आणि आजूबाजूला कोण आहे, हातात काय आहे, याचा विचार यायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं, "अजून हाय." आणि त्यानं ती परत विहिरीत टाकली.

"अप्पा! डोस्कं फोडतोस काय माजं?" खालून बसाप्पा ओरडला.

भीमाप्पा आपल्या बोटांकडे बघत उभा होता. गोळी दबली ती त्याच्या दाबण्यानं, हे खरं. पण त्याच्या आधीही ती एका अंगाला दबलेली होती. तिथं रेघा होत्या. माणसाच्या अंगठ्याच्या रेघा गोल फिरतात. या सरळ होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

३

त्या आठवड्यात गुळाची गाडी कोल्हापुरात शाहूपुरीच्या पेठेला गेली, तिच्यावर भीमाप्पाही बसून गेला. अडतीत गुळाचे रवे उतरवून झाल्यावर तो मागच्या बोळात त्र्यंबक मास्तरांकडे गेला. मास्तर हायस्कुलात शिकवत आणि दर संक्रांतीला भीमाप्पाच्या हातचा गूळ मागून घेत. मनानं मोकळा माणूस.

बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर भीमाप्पा म्हणाला, "मास्तर, भुईच्या पोटात काय असतंय?"

"किती पोटात?"

"लई. पार खाली."

मास्तरांना असे प्रश्न आवडत. त्यांनी समोरचा पेरू उचलला. "हे बघा, वरची साल म्हणजे आपली जमीन. आत दगड. आणि अगदी मधोमध लोखंड आहे म्हणतात. वितळलेलं. इतकं ऊन, की तुमचं चुलवाण त्याच्यापुढं काहीच नाही. आणि ते नुसतं पडून नाही, सारखं हलत असतं."

"हलतंय म्हंजे, तळातनं वर येतंय आन् निवलं की खाली जातंय?"

मास्तर थांबले. "हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

"काहिलीत तसंच जातंय."

"हो, हो. तसंच काहीसं. आणि आपण त्याच्यावरच्या सायीवर राहतो असं समजा."

"आमी तिला मळी म्हणतो," भीमाप्पा म्हणाला.

मास्तर खूप हसले. भीमाप्पाही थोडा हसला. मग विचारलं, "कवापासनं उकळालंय?"

"पृथ्वी झाली तेव्हापासनं. कोट्यवधी वर्षं झाली."

"मग जाळ कोण घालतंय?"

"अहो, कोणी घालायला लागत नाही. ती आतली उष्णता आहे. हळूहळू निवतच चाललंय ते. आणि हे सगळं दोन हजार मैल खाली, भीमाप्पा. तुमच्या विहिरीचा आणि त्याचा काय संबंध!"

दोन हजार मैल. परतताना गाडीत भीमाप्पा ते मनात घोळवत राहिला, पोट दुखताना ओव्याची पुरचुंडी हातात धरावी तसं. दोन हजार मैल म्हणजे इथून काशीला जाऊन परत यावं एवढं. तिथून काय येणार वर? मास्तर शिकलेला माणूस. मास्तर खोटं कशाला सांगेल?

पण गाडी कागलच्या रस्त्याला लागली तेव्हा त्याच्या मनात आलं, की आधण चढवलंय म्हणजे कुणीतरी ते उतरण्यासाठीच चढवलंय. उगीच कोण एवढा जाळ घालील?

४

दुसरी गोळी आली. मग तिसरी. रोज नाही, तीन-चार दिवसांनी. दोर रात्री वर ओढून घरी नेलेला असायचा, विहिरीत उतरायला दुसरी वाट नव्हती. वडारांच्या पोरांनी मातीच्या गोळ्या करून टाकल्या असतील, असं भीमाप्पानं स्वतःला सांगून बघितलं. पण वडार जाऊन पंधरवडा झाला होता, आणि प्रत्येक गोळी आधीच्यापेक्षा घट्ट होती.

प्रत्येक वेळी तो ती दाबायचा. प्रत्येक वेळी म्हणायचा, "अजून हाय." आणि ते खरं होतं. न म्हणता नुसती टाकून द्यावी असं त्याच्या मनात यायचं. पण गोळी पुढ्यात आल्यावर जाणत्यानं गप्प बसणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. गप्प बसला की वळणारा समजतो, हा माणूस जाणता नाही. मग तो दुसऱ्या कुणाला विचारतो.

पहिल्या दिवशी मी बोललो नसतो तर, असं त्याला वाटे. मग वाटे, म्हातारपणी माणसाला काहीही वाटतं.

त्यानं विहिरीच्या काठावर एका सपाट दगडावर पितळी ठेवली होती, पाण्यानं भरून. ती रोज थरथरायची. एका दुपारी ऊन बरोबर डोक्यावर आलं आणि तळापर्यंत उजेड पोचला. बसाप्पा भाकरी खायला वर आला होता. भीमाप्पानं वाकून खाली बघितलं. गुडघाभर पाणी साचलं होतं. ते मधून फुगत होतं. फार सावकाश, एखादं झोपलेलं जनावर श्वास घेतं तसं. मध्ये वर यायचं आणि चारी कडांना दगडालगत खाली जायचं. बुडबुडा एकही नव्हता.

"बसू, हिर मुजवू या," तो मुलाला म्हणाला.

बसाप्पाचा घास हातात राहिला. "काय?"

"दुसरीकडं पाडू. वरच्या अंगाला."

"अप्पा, पाणी लागलंय! ऊन हाय म्हणून काय झालं, निवलं की गार हुतंय. लोक ऊन झऱ्याला हळदकुंकू वाहत्यात आन् तू मुजवाय निघालास?"

"तसं न्हाय रं."

"मग कसं? सांग की."

भीमाप्पानं तोंड उघडलं. सांगायचं काय? की खाली कुणीतरी गोळ्या वळतंय आणि माझ्याकडून पारखून घेतंय? की तुझा बाप दोन हजार मैल खालच्या कुणाचा तरी जाणता झालाय?

"तुला इंजिनच नगं," बसाप्पा उठत म्हणाला. "सरळ बोल की. गुऱ्हाळावर इंजिन आलं तवापासनं बघतोय, तू त्याच्याकडं सवतीसारखं बघतोस."

मल्लव्वा, भीमाप्पाची बायको, भाकरीची बुट्टी आवरत होती. "पोराचं मन कशाला मोडता?" ती हळूच म्हणाली. "माझ्या पायाचं दुखणं तेवढं बरं हुतंय हो इथं बसलं की. भुई कशी शेकून काढतीया."

भीमाप्पा बायकोच्या पायांखालच्या मातीकडे बघत होता. माती वाळून तिला बारीक सुरकुत्या पडत होत्या, उतरायला आलेल्या काहिलीवरच्या सायीला पडतात तशा.

५

फाल्गुनातल्या एका सकाळी बसाप्पा उठायच्या आत भीमाप्पा स्वतः दोर धरून विहिरीत उतरला. साठी उलटलेला माणूस. हातांची सालटं निघाली.

खाली आवाज नव्हता. आवाजापेक्षा जड काहीतरी होतं, ते कानाला ऐकू येत नव्हतं, पोटात समजत होतं. पाण्याच्या कडेला एक दगड वर निघालेला होता, पितळीएवढा, मधे खोलगट. त्यात गार पाणी होतं. सगळी विहीर ऊन, आणि तेवढंच गार. त्या गार पाण्यात गोळी ठेवली होती.

भीमाप्पानं ती उचलली. दाबली. ती दबली नाही. त्यानं तिथं पडलेली बसाप्पाची पहार घेतली आणि गोळी तिच्यावर मारली.

इतका चांगला आवाज त्यानं आयुष्यात ऐकला नव्हता. तो विहिरीच्या भिंतींना लागून वर गेला आणि बराच वेळ वर जातच राहिला.

झालं होतं. गोळी बघून एवढी खात्री त्याला कधी वाटली नव्हती. त्याच्या जिभेवर तो शब्द आला, दातांपर्यंत आला. इतक्या वर्षांत त्यानं गोळीबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतं, गणपतरावांना नाही, दुसऱ्या कुणाला नाही.

"अजून हाय," तो म्हणाला, आणि गोळी पाण्यात टाकली.

पोटातलं ते जड काहीतरी थांबलं. पाण्याचं फुगणंही थांबलं. भीमाप्पा श्वास रोखून उभा राहिला. त्याला पक्कं वाटलं, की आपल्याकडे बघितलं जातंय. रागानं नाही. एखाद्या गुळव्याचा जाणत्याच्या शब्दावर विश्वास बसत नाही, पण रीत म्हणून तो परत जाळाकडे वळतो, तसं.

मग ते पुन्हा सुरू झालं. आता जास्त जोरात. आणि दगडाच्या फटीतून त्याला वास आला. आधण जास्त वेळ ठेवलं की तळाला लागतं, तो वास.

६

दुसऱ्या दिवशी गणपतरावांच्या गुऱ्हाळावर हंगामातलं शेवटचं आधण होतं. भीमाप्पा पहाटेपासून विहिरीवरच बसला होता. दोर त्यानं कमरेला गुंडाळून ठेवला होता, म्हणजे बसाप्पाला उतरता येऊ नये. गुंडू बांधावरून धावत आला.

"काका, चला. गोळी ठेवलीया."

"दुसऱ्या कुणाला दाखव."

"आवो, शेवटचं आधण! मालक थांबल्यात. तुमच्या हाताशिवाय उतरायचं न्हाय म्हणाले. दोन मिंटांचं काम हाय."

न जाणं म्हणजे त्या आधणाचा सत्यानाश. भीमाप्पा उठला. झपाझप चालत गेला. गोळी उचलली, दाबली, काठावर वाजवली. "झालं." गड्यांनी वासे घातले. "हळू, बाबांनो, हळू." काहील कलली, पिवळाधमक रस सरकला, गूळ निवायच्या वाफ्यात पडला. गणपतराव कौतुकानं काही बोलत होते.

त्यांचं ऐकता ऐकता भीमाप्पानं कमरेला हात लावला. दोर होता. बरं वाटलं. मग त्याची नजर गुऱ्हाळाच्या खुंटीकडे गेली. काहील ओढायचा मोठा दोर तिथं नेहमी असायचा. खुंटी रिकामी होती.

"गुंड्या, दोर कुठाय?"

"बसूदादानं नेला की आत्ताच. तुमी गोळी बघालता तवा."

७

भीमाप्पा इतकं कधी धावला नव्हता. मधे बांध होता, तो त्यानं हातापायांवर पार केला. मल्लव्वा विहिरीच्या काठावर बसून खाली बघत होती, तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. तिनं त्याला बघून हात केला.

त्यानं काठावर जाऊन खाली बघितलं. बसाप्पा गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याच्या एका हातात पहार होती. दुसऱ्या हातात काय होतं ते दिसत नव्हतं, पण बोटं कशी धरली होती ते दिसत होतं. अंगठा आणि दोन बोटं. बापानंच शिकवलेली.

"बेड! बसू, बेड!" भीमाप्पाच्या तोंडून घरातली कानडीच आली. नको, नको.

टण्.

तो आवाज वर आला. बसाप्पानं मान वर केली. त्याच्या घामेजलेल्या तोंडावर चार वर्षांच्या पोराचा आनंद होता. इतक्या दिवसांचं भांडण मिटवायला त्याला हेच सापडलं होतं.

"अप्पा! ऐकलास?" तो ओरडला. "झालं की!"

आणि सगळं थांबलं.

इतके दिवस पायाखाली जे होतं ते गेलं. पितळीतलं पाणी काचेसारखं झालं. पाखरं गप्प झाली. ही शांतता भीमाप्पाला ओळखीची होती. गुऱ्हाळावर जाळ ओढतात आणि कड्यांत वासे घालतात, त्यांच्या मधल्या क्षणाची.

"अप्पा," खालून बसाप्पाचा आवाज आला, आता बारीक. "पाणी असं का हुतंय?"

भीमाप्पानं पितळीकडे बघितलं. सपाट दगडावर ठेवलेली पितळी, तिला कुणी हात लावला नव्हता. तिच्यातलं पाणी एका बाजूला चाललं होतं. सावकाश. ते काठापाशी आलं, काठावर चढलं आणि पूर्वेच्या अंगानं खाली सांडू लागलं. पलीकडे रस्त्यावर गणपतरावांची बैल सोडलेली गाडी उभी होती. ती आपोआप निघाली, सपाट रस्त्यावरून, उतार लागल्यासारखी, कागलच्या दिशेनं. विहिरीतलं पाणी एका भिंतीवर चढत होतं आणि दुसरी भिंत तळापर्यंत उघडी पडत होती. त्या उघड्या तळाशी काहीतरी लाल होतं, रुंद, आणि ते दगडाखालून सरकत पुढं येत होतं.

"अप्पा, वढ! वढ मला!"

भीमाप्पानं विहिरीत सोडलेला दोर दोन्ही हातांत धरला, पाय दगडाला टेकवले आणि ओढू लागला. मल्लव्वाही त्याच्यामागं दोर धरून उभी राहिली. पूर्वेकडून जमीन खाली चालली होती, पश्चिमेचं रान वर येत होतं. कुठूनही आवाज येत नव्हता. फार जाणती माणसं होती ती, ज्यांनी कुणी वासे घातले होते.

भीमाप्पा ओढत राहिला आणि जमिनीकडे तोंड करून, गड्यांना सांगावं तसं, बोलत राहिला.

"हळू, बाबांनो, हळू. माझं पोरगं अजून खाली हाय."